ठिपक्याची ओवाळणी

१

आमच्या कारखान्यात चप्पल काढून शिरायच्या जागा दोनच होत्या. एक मागच्या गेटाजवळचं महादेवाचं देऊळ आणि दुसरी माझी खोली. माझ्या खोलीत कम्प्युटर होता. धुळीने तो बिघडतो, असं तो बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, आणि धूळ म्हटली की आमच्याकडे पहिला गुन्हेगार चप्पल. काही लोक तर आत येताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला न्यायचे. मला हसू यायचं, पण मी कुणाला अडवलं नाही. नव्याने लागलेल्या माणसाने मिळेल तो मान घ्यावा.

कारखाना धारूरच्या घाटाखाली. आधी चेअरमन अर्जुनरावांचा तिथे नुसता स्पिरिटचा प्लँट होता. मग लायसन-परमिटची कटकट सुटली, देशाने दारं उघडली, तशी अर्जुनरावांनीही उघडली आणि स्पिरिटपासून इथाइल अॅसिटेट करायला घेतलं. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांना ते लागतं. पाण्यासारखं पातळ, वासाला गोड, आणि पेट्रोलसारखं भडकणारं. परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं, पण त्याने अट घातली की कारखान्यात कुठे काय धोका आहे ते कम्प्युटरवर तपासून दाखवा. त्या अटीपायी मला नोकरी लागली आणि नोकरीपायी लग्न जमलं. “म्हंजी आपला समदा संसार धोक्यावर उभा हाय,” असं शिवगंगा म्हणायची. शिवगंगा माझी बायको. धारूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी, तेव्हा तोलून मापून बोलेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

माझं काम म्हणजे पडद्यावर एक खोटा कारखाना चालवणं. वरून पाहिल्यासारखा नकाशा. टाक्यांची वर्तुळं, नळांच्या रेघा आणि माणसांचे पांढरे ठिपके. पाळीवर कोण कुठे असतो, कुठून कुठे चालतो, ते मी प्रत्येक ठिपक्याला शिकवलेलं होतं. मग एखादा व्हॉल्व्ह मुद्दाम फोडायचा, वारा द्यायचा आणि बघत बसायचं. वाफ पिवळी पसरायची. तिला ठिणगी भेटली की लाल व्हायची. तिच्यात सापडलेले ठिपके काळे. त्यावरून मी लिहायचो की इथली मोटर हलवा, तिथे भिंत घाला. कुणाच्या अंगाला झळ न लागता कारखाना रोज जाळायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी मजेची नोकरी होती.

दुपारी शिवगंगा डबा घेऊन यायची. आमचं क्वार्टर कारखान्याच्या मागेच, त्यामुळे ती मागच्या गेटाने यायची. आधी दाराबाहेर चप्पल काढल्याचा आवाज, एक, मग दुसरी. मग फरशीवर जोडव्यांचा टिक टिक. कामात मान खाली असली तरी तो टिक टिक ऐकून मला भूक लागायची.

२

श्रावण संपत आला असेल. जेवण झालं होतं, शिवगंगा रिकामा डबा घेऊन गेली होती. मी कारखान्याचा एक साधा दिवस चालवून बघत होतो. गळती नाही, आग नाही, सगळं सुरळीत. असा दिवस अधूनमधून चालवावा लागतो, नाहीतर बिघाड कशाला म्हणायचं तेच कळेनासं होतं.

मागच्या गेटातून एक ठिपका आत आला.

मी आधी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, मागच्या गेटातून मी कुणाला आत आणलेलंच नाही. एकेक ठिपका त्याच्या नावाशी लावून पाहिला. बॉयलरवाला बॉयलरशी, पंपवाला पंपाशी, तीन नंबरच्या टाकीवर आश्रुबा. सगळे जागच्या जागी होते. हा एक बिननावाचा होता.

तो बॉयलरपाशी गेला. थांबला. बॉयलरभोवती एक फेरी घातली. मग जरा बाजूला सरकून परत थांबला, बॉयलरवाल्याच्या ठिपक्यासमोर. मग पुढे पंपाकडे. तिथेही तसंच. आधी यंत्र, मग माणूस. घाई कसली ती नव्हती. असा फिरत फिरत तो तीन नंबरच्या टाकीपाशी पोचला आणि तिथे चित्र थांबलं. पंखा फिरत होता, पडदा हलकासा गुणगुणत होता आणि ठिपका टाकीला चिकटून उभा होता.

चूक माझीच असणार. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे लवकर कळतं की यंत्र कधी चुकत नाही, आपण चुकतो. कुठेतरी एक माणूस जास्त मोजला गेला असेल, जुन्या कुणाचा मार्ग पुसायचा राहिला असेल. मी सगळा प्रोग्राम ओळीन् ओळ वाचला. सापडलं काही नाही. उशिरा घरी गेलो तर शिवगंगाने भाकरी पुन्हा तव्यावर टाकली आणि विचारलं, “कुनाशी भांडून आलात?”

“एक पाहुणा आलाय,” मी म्हटलं. “न सांगता.”

३

त्या दिवसापासून त्याचं नाव पाहुणा पडलं. डबा उघडताना शिवगंगा विचारायची, “काय म्हनतो तुमचा पाहुना? जेवला का?” मी सांगायचो, आज बॉयलरपाशी जास्त वेळ थांबला, आज पंपाला फेरी मारली. खरं सांगायचं तर मला त्याचा लळा लागला होता. माझे बाकीचे ठिपके मी शिकवलेलं तेवढंच करायचे. हा मनाने फिरत होता.

एकदा मी सगळी माणसं काढून टाकली. नुसती यंत्रं, निर्मनुष्य कारखाना. पाहुणा तरीही आला. यंत्रापाशी थांबला, मग बाजूला सरकला आणि जिथे माणूस असायला हवा त्या रिकाम्या जागेसमोर तेवढाच वेळ उभा राहिला. मी उठून खिडकी उघडली. बाहेर लख्ख ऊन, टँकरचा ड्रायव्हर लिंबाखाली झोपलेला, सगळं जिथल्या तिथे.

पुढच्या आठवड्यात चित्र थांबायचं बंद झालं. पाहुणा तीन नंबरच्या टाकीपाशी पोचला आणि टाकीच्या बुडाशी, नळाच्या जोडावर, पिवळं दिसायला लागलं. मी गळती दिलेलीच नव्हती. पिवळं पसरलं, पाहुण्यापर्यंत आलं आणि त्याला शिवताच लाल झालं. त्याला शिवताच, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं. जवळ ना मोटर, ना दिव्याचं बटण. मग आश्रुबाचा ठिपका काळा झाला. मग पाहुणा काळा झाला.

मी वारा बदलला, वेळ बदलली, टाकी अर्धी रिकामी केली. तो प्रत्येक वेळी आला आणि प्रत्येक वेळी जळाला. मी त्याला वाचवायच्या नादाने तेच तेच चालवत राहिलो. दुपारमागून दुपार गेली. दुसरं काम सुचेना.

शेवटी मी आश्रुबाकडे गेलो. आश्रुबा गोरापान, मोठ्या मिशांचा, तीन नंबरच्या टाकीला म्हशीसारखं जपायचा. मी म्हटलं, “जोडावर साबणाचं पाणी टाकून बघू.” त्याने माझ्यासमोर टाकलं. एकसुद्धा बुडबुडा आला नाही.

“कावून सायब? सपान पडलं का?” तो म्हणाला.

“तसंच समजा.”

“नवं लगीन हाय. झोप होत न्हाई, मग सपनं पडत्यात,” असं म्हणून तो स्वतःच इतका हसला की मला पुढे काही बोलता आलं नाही.

४

भाद्रपदातली गोष्ट. शिवगंगा डबा घेऊन आली तेव्हा पडद्यावर पाहुणा नुकताच गेटातून आत शिरत होता. ती आजवर पडद्याकडे फारशी बघायची नाही, तिला ते डोळ्यांना त्रासाचं वाटायचं. त्या दिवशी मात्र ती डबा हातात धरून माझ्या खांद्यामागे उभी राहिली. बॉयलर झाला. पंप झाला.

“अहो,” ती म्हणाली, “हा पाहुना न्हाई. पाहुनी हाय.”

“कशावरून?”

“बाई हाय ती. पूजा करतीया. आदी मशीनला हळद-कुंकू, मग परदक्षिना. मग बाजूला सरकून त्या मशीनवरच्या मानसाला ओवाळतीया. बघा की, किती येळ थांबली. गडीमानूस इतका थांबतो का कुठं?”

मी बघितलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. ठिपका माणसासमोर थांबला की अगदी किंचित डावीउजवीकडे हलत होता. ताट ओवाळताना हात हलतो तेवढाच.

मला खंडेनवमी आठवली. बीडला आमच्या दुकानात त्या दिवशी तराजूची पूजा व्हायची, शेजारच्या गिरणीत जात्याची, गॅरेजात पान्यांची. कारखान्यात यंत्रांची होणार, हे सांगायला कुणी लागत नाही. हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि तुपाचं निरांजन. इतर कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं बंद असतात. आमचा प्लँट एकदा बंद केला की पुन्हा चालू करायला दिवस जातात, म्हणून आमच्याकडे चालत्या यंत्राची पूजा होती, भरल्या टाकीसमोर.

मी ठिणग्यांचे किती प्रकार प्रोग्रामात घातले होते! वेल्डिंग, बिडी, मोटर, टँकरचा सायलेन्सर, अगदी बुटाच्या खिळ्याने फरशीवर उडणारी ठिणगीसुद्धा. निरांजन घातलं नव्हतं. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेला दिवा मला आगीच्या यादीत आठवला नाही. अर्जुनरावांच्या गेटावर सगळ्यांच्या काड्यापेट्या काढून घेत, आणि त्याच गेटातून वर्षातून एकदा वाजतगाजत पेटता दिवा आत जात होता.

“गेल्या साली कुणी केली पूजा?” मी विचारलं. मी त्या दसऱ्यानंतर लागलेला.

“छबुबाईच्या सुनंनं.” छबुबाई आश्रुबाची बायको, कॉलनीतल्या सगळ्या बायकांची पुढारीण. “कॉलनीत त्या साली जी नवी सून आली, तिच्या हातची असती पूजा. छबुबाई कालच म्हनली.” शिवगंगा थांबली. पडद्यावर पिवळं पसरायला लागलं होतं. “औंदा माझ्या हातची हाय.”

पिवळं लाल झालं, मग ठिपका काळा झाला. तिने डबा टेबलावर ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

५

मी अर्जुनरावांकडे गेलो. माणूस मोठ्या मनाचा. शिवी दिल्याशिवाय कुणाला मदत करायचे नाहीत, आणि दोन्ही भरपूर द्यायचे. मी म्हटलं, पूजा गेटाबाहेर करू, यंत्रांपाशी दिवा नको.

“काय बे इंजिनेर, देवाची आग ती काय आग असती व्हय?”

“वाफेला देव कळत नाही, दादा.”

“काड्यापेट्या कुनी जमा करायला लावल्या? मी. बिडी वढली म्हनून सख्ख्या भाच्याला कुनी घरी बसवलं? मी. पन निरांजन म्हंजी काय बिडी हाय? पोरं वर्सभर त्या मशीनवर जीव टांगून काम करत्यात. एक दिस त्यान्ला ओवाळलं तर तुझा कम्प्युटर रडतो?”

मी त्यांना खोलीत आणलं. त्यांनी दारात कोल्हापुरी काढली, उंबऱ्याला हात लावला, माझ्या खुर्चीत बसले. मी प्रोग्राम चालवला. पाहुणी आली नाही. मी परत चालवला. मागचं गेट रिकामंच. सगळे ठिपके शहाण्यासारखे आपापल्या जागी, कुठे पिवळं नाही, लाल नाही.

“ब्येस चाललंय की,” अर्जुनराव म्हणाले. मग मी जबरदस्तीने गळती दिली, जवळ दिवा ठेवला आणि आग दाखवली. त्यांनी नीट पाहिली. “आरं, पन हितं तर तूच टाकी फोडलीस. आश्रुबाची टाकी गळती का?”

“सध्या नाही.”

“मग?” ते उठले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. “बायकूची काळजी वाटती. वाटू दे. चांगलं असतं. मलाबी वाटायची.”

रागवायला जागाच ठेवली नाही. मी एकटा बसून राहिलो. प्रोग्राम चालूच होता, आणि अर्जुनरावांची जीप वळणावर दिसेनाशी झाली असेल नसेल, पडद्यावर मागचं गेट ओलांडून ती आत आली.

६

“तू आजारी पड,” मी शिवगंगाला म्हटलं. खंडेनवमीची सकाळ होती, ती चुलीवर पाणी तापवत होती. “ताप आला म्हणून सांगतो. धारूरला जा आईकडे.”

“आन् पूजा?”

“करेल दुसरी कुणी.”

“मंग ती जळल.” तिने पाण्याचं भांडं उतरवलं. “मी न्हाई म्हनले तर छबुबाई सुनंला पुन्हा उभी करती. तिला तान्हं पोर हाय. तुमच्या पडद्यावर नाव लिवलंय का माझं? ठिपका हाय नुसता. जी जाईल तिचा व्हईल.”

मला ती वाचायला हवी होती, बाकी कुणाचा विचार मी केला नव्हता. तिने तो केला, आणि माझा मात्र जीव आणखी कासावीस झाला.

“मी जाते,” ती म्हणाली. “पन दिवा जानार न्हाई.”

तिने ठरवलं ते सोपं होतं. गेटाजवळच्या देवळात सगळ्यांदेखत निरांजन लावायचं आणि आत शिरताना पदराच्या वाऱ्याने विझवायचं. वारा होता म्हणायचं. तिने माझ्या कपाळावर तीन बोटांनी भस्म ओढलं, रोजच्यासारखं. आमच्याकडे कुंकवाआधी भस्म. मग माझ्या खिशात एक रुपया टाकला. “तुमच्याकडं कदी सुट्टे नसत्यात. कम्प्युटरची पूजा करायला यीन सगळ्यात शेवटी. तुमाला ओवाळल्यावर ताटात घाला.”

“त्याला कुंकू लावलंस तर कंपनी वॉरंटी काढून घेईल.”

“घेऊ द्या,” ती म्हणाली.

७

ढोल होता, बायका होत्या, अर्जुनराव नवा फेटा बांधून पुढे होते. मी मिरवणुकीत बाजूने चालत होतो. देवळात निरांजन लागलं. गेट ओलांडताना शिवगंगाने पदर सावरल्यासारखं केलं आणि ज्योत गेली. मी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की शेजारचा माणूस बघायला लागला.

बॉयलर झाला. पंप झाला. ती प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू लावायची, फेरी घालायची, बाजूला सरकून माणसाला ओवाळायची. विझलेल्या ताटाने. रोज पाहिलेलं सगळं माझ्यासमोर उन्हात होत होतं. तेवढाच वेळ, तेवढीच पावलं.

तीन नंबरच्या टाकीपाशी आश्रुबा धुतलेली टोपी घालून उभा होता. शिवगंगाने टाकीला बोटं लावली. एवढ्यात छबुबाई म्हणाली, “अगं माय, दिवा तर कवाच गेलाय. असं कसं ओवाळतीस? थांब.” आणि तिने कमरेची चंची सोडून काड्यापेटी काढली.

गेटावर गड्यांच्या काड्यापेट्या घेतात. बायकांच्या चंच्या आजवर कुणी तपासल्या नव्हत्या.

त्याच क्षणी मला वास आला. पिकलेल्या फळांचा, गोडसर, घशाला झोंबणारा. जोडाच्या बाजूने झेंडूची माळ ओली होऊन खाली लोंबत होती. छबुबाईने काडी पेटीवर धरलेली होती. मी काय ओरडलो ते आठवत नाही. मी तिच्या हातावर झडप घातली, पेटी माझ्या मुठीत चुरगळली. शिवगंगाने ताट खाली न टाकता हलकेच जमिनीवर ठेवलं आणि बायकांना दोन्ही हातांनी मागे रेटायला लागली. “चला, चला, वास बघा कसला येतोय, चला गेटाकडं!” ढोल थांबला. आश्रुबा तोंडाला टोपी लावून व्हॉल्व्हकडे पळाला आणि त्याने तो फिरवून बंद केला.

कुणाला ओरखडा आला नाही. वाफ ओसरायला वेळ लागला, तोवर सगळे गेटाबाहेर लिंबाखाली बसून होते. आश्रुबा जोडातल्या रबरी गॅस्केटचा फाटका तुकडा हातात घेऊन माझ्यापाशी आला आणि माझ्या खांद्याला डोकं टेकवून रडला. अर्जुनरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. ते म्हणाले, “इंजिनेर, लिव तुझं काय लिवायचं ते. मी सही करतो.”

८

मी खोलीत आलो तेव्हा वीज गेलेली होती. पंखा बंद, बॅटरीवर कम्प्युटर तेवढा चालू, आणि बॅटरीची टीं टीं. सकाळी मी प्रोग्राम सुरू ठेवूनच गेलो होतो. खिडकीतून लिंब दिसत होता. शिवगंगा छबुबाईच्या सुनेचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे पोटभर बघून घेतलं आणि मग खुर्चीत बसलो.

पडद्यावर कारखाना रिकामा होता. तीन नंबरच्या टाकीपाशी एक काळा ठिपका होता.

काळा झालेला ठिपका हलत नाही. तसं मीच लिहिलं होतं. हा हलला. त्याने टाकीची फेरी पुरी केली. आश्रुबाच्या जागेसमोर थांबला, डावीउजवीकडे किंचित हलला, मग ऑफिसच्या इमारतीकडे निघाला. मी बटणं दाबली, प्रोग्राम थांबेना. ठिपका पायऱ्यांवर आला. ठिपका माझ्या खोलीबाहेर आला.

दाराबाहेर चप्पल काढल्याचा आवाज झाला. एक. मग दुसरी.

मी खिडकीकडे मान वळवली. शिवगंगा लिंबाखालीच होती. पोराला काहीतरी सांगून हसत होती.

फरशीवर जोडव्यांचा टिक टिक आला. दार हातभर उघडं होतं, तिथून उजेड आत आला आणि समोरच्या भिंतीवर सावकाश गोल फिरायला लागला. मी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांवर ऊब आली, गेली, परत आली. जळालेल्या तुपाचा वास होता आणि त्याखाली आणखी कसला तरी. श्वास जवळ आला. तीन बोटं माझ्या कपाळावर टेकली आणि डावीकडून उजवीकडे ओढली गेली, रोजच्यासारखी. तो हात मला ओळखू आला. गेला महिनाभर दुपारमागून दुपार मी बटण दाबून कुणाला जाळत होतो, ते मला तेव्हा कळलं. ती तक्रार करायला आली नव्हती. तिचं शेवटचं यंत्र राहिलं होतं, आणि त्या यंत्रावरचा माणूस. मला भीती वाटत होती, आणि तिचा हात धरावासाही वाटत होता. मी काहीच केलं नाही. बसून राहिलो.

बाहेरून हाक आली. “अहो! येताय ना?” मी डोळे उघडले. दाराबाहेर चपला नव्हत्या.

९

लिंबाखाली शिवगंगाने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने माझं कपाळ पुसलं. मग अंगठा बघत राहिली. भस्म पांढरं असतं. तिच्या अंगठ्यावर आलेलं काळं होतं.

“पाहुनी तिकडं आलती?” तिने हळू विचारलं.

“हो.”

“ओवाळलं तुमाला?”

“हो.”

तिने पदराने माझं कपाळ पुसलं, स्वच्छ होईपर्यंत पुसलं. “आन् ताटात काय घातलंत?”

मी खिशात हात घातला. रुपया तसाच होता.

“अहो,” ती म्हणाली, हसायचा प्रयत्न करत, “ओवाळनी घेतल्याबिगर बाई जाती का कुठं?”

आता यंत्रांपाशी दिवा जात नाही. निरांजन देवळातच लागतं, बायकाही गेटावर काड्यापेट्या देतात, परदेशी गिऱ्हाईक खूश आहे. कम्प्युटर दोनदा बदलला. खंडेनवमीच्या दिवशी दुपारी मात्र मी सगळ्यांना खोलीबाहेर काढतो, दार हातभर उघडं ठेवतो आणि डोळे मिटून बसतो. सकाळी शिवगंगा आठवणीने माझ्या खिशात रुपया टाकते. “औंदा घाला. तिला बी मोकळं व्हायचं असंल.”

ती येते. चपला काढते. ओवाळते. रुपया माझ्या मुठीत असतो. मूठ उघडायची आणि ताटात सोडायचा, एवढंच करायचं असतं. मग ती जाईल, आणि पुन्हा येणार नाही. तीही शिवगंगाच आहे.

संध्याकाळी घरी गेलो की शिवगंगा विचारते, “घातला का?”

मी हो म्हणतो.